४५ दिवसांचा वायदा: मुंबईतील मोठ्या कंपन्यांच्या लेखाविभागांस खुले पत्र

प्रति,
मुंबईतील मोठ्या कंपन्यांचे वित्तप्रमुख, तसेच लेखा व खरेदी विभागांतील अधिकारी यांस

सप्रेम नमस्कार.

भांडुप पश्चिमेला एका औद्योगिक वसाहतीत आमचा गाळा आहे. औषधे, सौंदर्यप्रसाधने आणि मिठाई यांसाठी लागणारे पुठ्ठ्याचे खोके आम्ही तिथे छापतो. वडिलांनी १९९१ साली एका जुन्या एकरंगी ऑफसेट यंत्रावर सुरू केलेले हे काम गेली सतरा वर्षे मी पाहते आहे. गाळ्यात नऊ माणसे पगारावर आहेत. लॅमिनेशन, डाय-पंचिंग (साच्यावर खोके कापणे) आणि पेस्टिंग (ते चिकटवणे) ही कामे आम्ही बाहेरच्या छोट्या जॉबवर्कवाल्यांकडून करून घेतो, त्यामुळे आमच्या एका मोठ्या ऑर्डरला पंचवीस-तीस जणांचे हात लागतात. आपल्यापैकी काहींच्या कंपन्यांना आमचा माल थेट येतो, बाकीच्यांना आमच्यासारख्याच दुसऱ्या कोणाचा तरी येत असेल. कोणा एका कंपनीविरुद्ध तक्रार करण्यासाठी हे पत्र नाही. मला एकाच गोष्टीविषयी लिहायचे आहे: दिलेल्या मालाचे पैसे ठरलेल्या दिवशी मिळणे.

मुंबईत लहान धंदा करणाऱ्या कोणाशीही बोला. जागेचे भाडे, विजेचे बिल, न टिकणारी माणसे हे सगळे तो सांगेलच, पण चहा संपायच्या आत विषय पेमेंटवर येतो. काम मिळत नाही म्हणून बंद पडलेले गाळे मी पाहिले आहेत, तसेच हातात भरपूर काम असताना बंद पडलेलेही पाहिले आहेत. दुसऱ्या प्रकारातल्या मालकांची वही उघडली तर येणे देण्यापेक्षा जास्त निघते. फक्त ते येणे वेळेवर आलेले नसते.

आपल्याकडून येणारी परचेस ऑर्डर मी नेहमी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. त्यात माल कोणत्या तारखेला, किती वाजेपर्यंत, कोणत्या गेटवर उतरवायचा हे लिहिलेले असते. एक आठवडा उशीर झाला तर बिलातून किती टक्के कापले जातील, दोन आठवडे झाला तर किती, तेही असते. ते मला मान्य आहे, कारण खोका आला नाही तर आपली पॅकिंग लाइन उभी राहते आणि ते नुकसान खरे असते. पण पैसे उशिरा मिळाले तर माझे काय, याबद्दल त्याच चार पानांत एक ओळही नसते. पैशांची मुदत तेवढी लिहिलेली असते, आणि ती ओलांडली गेल्यावर काय होणार हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते: काहीच होणार नाही.

माझ्या टेबलाच्या खणात एक दोनशे पानी वही आहे. पेमेंटसाठी केलेला प्रत्येक फोन, त्याची तारीख आणि मिळालेले उत्तर मी तीत लिहून ठेवते. ‘बिल अजून सिस्टीमला चढलेले नाही.’ ‘साहेब दौऱ्यावर आहेत, सही झाली की निघेल.’ ‘या महिन्याचा पेमेंट रन होऊन गेला, आता पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला.’ ‘बजेट हेड चुकलंय, खरेदी विभागाशी बोला.’ ‘आम्ही तर पुढे पाठवलंय, तुम्ही हेड ऑफिसला विचारा.’ फोन उचलणारी मुले-मुली सभ्य असतात. शेकडो बिले त्यांच्या पुढ्यात असतात आणि निर्णय त्यांच्या हातात नसतो, हे मला कळते. त्यांच्यावर मी कधी आवाज चढवलेला नाही. हेही कबूल करते की आमच्यासारख्यांच्या बिलांत चुका असतात: ऑर्डरचा क्रमांक राहून जातो, एचएसएन कोड (जीएसटीसाठी लागणारा मालाचा वर्गक्रमांक) चुकतो, दर जुना पडतो. चूक असेल तर बिल परत आलेच पाहिजे. पण ते परत यायला किती दिवस लागतात, खरा प्रश्न तिथे आहे.

मागच्या पावसाळ्यातला एक प्रसंग सांगते. एका कंपनीला चाळीस हजार खोक्यांचा माल आम्ही ठरल्या दिवशी सकाळी पोहोचवला. पाऊस होता. गेटवरच्या सुरक्षारक्षकाने डिलिव्हरी चलनावर शिक्का मारला, पण कागद ओला असल्यामुळे शिक्क्यातली तारीख पसरली. गठ्ठे मोजून घेतले गेले, दोन दिवसांत खोके वापरातही आले. बिल मात्र तेवीस दिवस एका ट्रेमध्ये पडून राहिले, कारण चलनावरची तारीख वाचता येत नव्हती. हे आम्हाला कोणी कळवले नाही. तेविसाव्या दिवशी मी फोन केला तेव्हा कळले. मग गेटच्या रजिस्टरमधल्या नोंदीचा फोटो, नवे चलन, त्यावर स्टोअरची सही, असे करत बिल पुन्हा जमा झाले, आणि पैशांची मुदत त्या दिवसापासून मोजली जाईल असे मला सांगण्यात आले. एव्हाना माझे खोके आपल्या मालासह दुकानांत पोहोचून विकलेही गेले होते. पैसे आले तेव्हा माल पोहोचवल्याला शंभर दिवस उलटले होते.

मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची, याचे उत्तर कायद्यात स्पष्ट दिलेले आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ याच्या कलम १५ प्रमाणे लेखी करार नसेल तर सूक्ष्म वा लघु पुरवठादाराचे पैसे १५ दिवसांत द्यायचे असतात, आणि लेखी करार असला तरी ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. दिवस मोजायचे ते माल स्वीकारल्यापासून. माल पोहोचल्यावर १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर तो पोहोचला त्याच दिवशी स्वीकारला असे कायदा मानतो. बिल सिस्टीमला चढण्याचा, सही होण्याचा किंवा पेमेंट रनचा या मोजणीशी काही संबंध नाही. मुदत उलटली तर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारे व्याज देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. करारात काहीही लिहिलेले असले तरी ते द्यावे लागते. हा विषय २००६ सालीच पहिल्यांदा सुचला असेही नाही. १९९३ मध्ये लघुउद्योगांच्या थकलेल्या पैशांवरील व्याजासाठी वेगळा कायदा झाला होता. म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ या देशात या व्याजाचा कायदा आहे. त्या कायद्याप्रमाणे मला आजवर एक रुपयाही व्याज मिळालेले नाही आणि मी ते मागितलेलेही नाही.

का मागितले नाही, ते सांगते. कायद्यात दाद मागायची सोय आहे. राज्य सरकारने नेमलेल्या सुविधा परिषदेकडे जाता येते, मुंबईतही ती आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘समाधान’ हे सरकारी पोर्टल सुरू झाल्यापासून घरबसल्या तक्रार करता येते. परिषदेने ९० दिवसांत निर्णय द्यावा असे कायद्यात म्हटले आहे. निर्णय विरुद्ध गेल्यास खरेदीदाराला रकमेच्या ७५ टक्के आधी भरल्याशिवाय तो न्यायालयात रद्द करून घेता येत नाही. कागदावर एवढी भक्कम तरतूद क्वचितच एखाद्या लहान माणसाच्या वाट्याला येते. पण तक्रार मी करायची असते, आणि ज्याच्याविरुद्ध करायची तो माझ्या वर्षभराच्या कामातला तिसरा हिस्सा देणारा असतो. तक्रारीनंतर मला कोणी धमकावणार नाही, हे मला माहीत आहे. पुढची ऑर्डर येणार नाही एवढेच होईल. दरपत्रक मागवले जाईल, आमचा दर पाच पैशांनी जास्त ठरेल आणि काम दुसरीकडे जाईल. तक्रार न करण्याचा निर्णय म्हणून मी दर महिन्याला घेते, आणि माझ्या ओळखीतले बहुतेक सगळे गाळेवाले तोच घेतात. धंदा कायमचा सोडायचे ठरवले की मगच परिषदेकडे जायचे, असे आमच्या वसाहतीत लोक बोलून दाखवतात. जो उपाय वापरण्यासाठी ग्राहक गमवावा लागतो, तो लहान पुरवठादाराच्या हातात असून नसल्यासारखा आहे. म्हणून मी परिषदेला किंवा सरकारला न लिहिता आपल्याला लिहिते आहे.

यात कराचा एक भाग आहे, तो बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. आम्ही दर महिन्याला जीएसटीचे विवरणपत्र भरतो. जूनमध्ये बिल केले की त्यावरचा कर २० जुलैपर्यंत मला भरावाच लागतो, मग आपल्याकडून पैसे आलेले असोत वा नसोत. मी बिल दाखवले की त्या कराचे क्रेडिट आपल्याला लगेच मिळते, म्हणजे तेवढी रक्कम आपल्या भरायच्या करातून वजा होते. पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तरच ते परत करावे लागते. म्हणजे जो कर आपण मला अजून दिलेला नाही, तो मी माझ्या सीसी (कॅश क्रेडिट) खात्यातून, म्हणजे बँकेने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत कर्ज देणाऱ्या खात्यातून, व्याजाने उचलून सरकारला भरते आणि आपण त्याचे क्रेडिट वापरलेले असते. हे सगळे कायदेशीर आहे. पण एवढ्या साखळीत सर्वांत महाग कर्ज ज्याला मिळते त्यानेच सर्वांना उधार द्यायचे, हा व्यवहार कोणत्या हिशेबात बसतो, हे आपण लेखाविभागातले लोक माझ्यापेक्षा चांगले सांगू शकाल.

उधारीला माझा विरोध नाही. उधारीवाचून मुंबईचा बाजार एक दिवस चालणार नाही. कापडबाजारात, धान्यबाजारात पिढ्यान्‌पिढ्या माल उधारीवर दिला गेला, मुदतीआधी पैसे देणाऱ्याला वटाव, म्हणजे सूट, मिळाला, आणि वायदा चुकवणाऱ्याची पत गेली की त्याला दुसऱ्या पेढीवरही माल मिळेनासा झाला. आता अडचण अशी की पत फक्त माझी तपासली जाते. नवा पुरवठादार म्हणून नोंदणी करताना आपण माझा तीन वर्षांचा ताळेबंद, बँकेचे पत्र, विवरणपत्रे सगळे पाहता. आपण आधीच्या पुरवठादारांचे पैसे किती दिवसांनी देता, हे मला कोणत्या कागदावर पाहायला मिळते? ज्या कंपन्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांहून जास्त थकवतात, त्यांनी दर सहा महिन्यांनी कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे तशी माहिती द्यावी, असा नियम २०१९ पासून आहे, आणि वार्षिक हिशेबातही ही रक्कम दाखवावी लागते. पण गाळ्यात बसून दर काढणाऱ्या माणसाच्या हाती ही माहिती ऑर्डर घेण्याआधी पोहोचत नाही.

माझी आजी लालबागला खाणावळ चालवायची. चाळीतल्या एका खोलीत चौदा गिरणी कामगार दोन वेळा जेवायचे आणि पगार झाला की महिन्याचे पैसे द्यायचे. तोवर तांदूळ, डाळ, तेल ती वाण्याकडून उधारीवर आणायची, आणि उधारीचा भाव रोखीच्या भावापेक्षा नेहमी चढा असायचा. गिरणगावातल्या शेकडो बायकांची हीच गोष्ट होती. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून देऊन वाण्याच्या आणि सावकाराच्या उधारीतून सोडवण्यासाठी. मधल्या दिवसांचे भांडवल कोणी घालायचे, हाच तो प्रश्न होता. पण आजी एक गोष्ट आवर्जून सांगायची. पगाराच्या दिवशी गडी गावाला मनीऑर्डर करायच्या आधी खाणावळीचे पैसे आणून द्यायचा, कारण तिने चूल पेटवली नाही तर दुसऱ्या दिवशी आपण उपाशी पाळीवर जाऊ, हे त्याला कळत होते. १९८२ चा संप लागला आणि पगारच थांबले, तेव्हा तिच्या वहीतली बाकी कायमची बुडाली. त्याबद्दल तिने कोणाला कधी बोल लावला नाही. ‘त्यांच्याकडे नव्हतेच,’ एवढेच ती म्हणायची. आज त्याच परळ-लालबागच्या गिरण्यांच्या जागांवर उभ्या राहिलेल्या इमारतींत मी पेमेंटसाठी जाते, तेव्हा हे वाक्य हमखास आठवते. आपल्याकडे आहे. पैसे नाहीत म्हणून माझे बिल थांबलेले नसते. ते थांबवल्याने कोणाचे काही अडत नाही, म्हणून ते थांबलेले असते.

उलट, ते थांबवणे हे चांगले काम समजले जाते, असे मला अधिक अनुभव आल्यावर कळले. देणे जितके दिवस लांबवता येईल तितके खेळते भांडवल हाती राहते, आणि सादरीकरणात तो आकडा वाढलेला दिसला की विभागाचे कौतुक होते. यात एक चूक आहे, ती आपल्या भाषेत मांडते. आपल्याला बँक ज्या दराने पैसे देते, त्यापेक्षा मला ती बऱ्याच चढ्या दराने देते. आपण स्वस्त पैसा वापरायचे टाळून माझा महाग पैसा वापरता, आणि त्याची किंमत शेवटी खोक्यातच मिसळते. मी मिसळते, म्हणूनच सांगते. ज्या ग्राहकाचे पैसे वेळेवर येतात त्याला मी एक दर देते, ज्याचे तीन महिन्यांनी येतात त्याला दुसरा. कागदाचा व्यापारी रोखीने घेतले तर जो भाव देतो तो उधारीत देत नाही, त्यामुळे त्या ग्राहकाच्या खोक्यांचा पुठ्ठा, म्हणजे डुप्लेक्स बोर्डही मला महागच पडतो. खरेदी विभागाने घासाघीस करून मिळवलेले चार पैसे लेखाविभागाने लावलेल्या उशिरात निघून जातात, आणि हे दोन विभाग एकाच मजल्यावर बसतात.

सरकारने अलीकडे एक उपाय केला, त्याचा अनुभवही लिहिते. आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आले आणि एप्रिल २०२४ पासून सुरू झालेल्या कर-निर्धारण वर्षाला, म्हणजे मार्च २०२४ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षाच्या हिशेबाला, ते लागू झाले. सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे पैसे कायद्याच्या मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खरेदीदाराला करासाठी वजा करता येत नाही. त्या मार्चमध्ये माझ्या वहीतली तीन जुनी बिले एका आठवड्यात चुकती झाली आणि मला फार आनंद झाला. पुढच्या वर्षी लक्षात आले की पैसे उशिरा दिले, पण त्याच आर्थिक वर्षात दिले, तर खरेदीदाराचे काहीच बिघडत नाही. मे महिन्याच्या बिलाचे पैसे फेब्रुवारीत दिले तरी चालतात. त्यामुळे मार्च महिना चांगला जातो आणि उरलेले अकरा महिने पूर्वीसारखेच राहतात. एका ग्राहकाने तर मला विचारले की लहान उद्योग म्हणून असलेली माझी सरकारी ‘उद्यम’ नोंदणी रद्द करून घेता येईल का, म्हणजे ‘दोघांनाही त्रास नको’. विचारणाऱ्या गृहस्थांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना त्यांच्या वरिष्ठांनी विचारायला सांगितले होते. मी नाही म्हटले. त्यानंतर त्यांच्याकडून येणारे काम निम्म्यावर आले.

मला सर्वांत अधिक आशा वाटते ती ट्रेड्स या, बिले ऑनलाइन मंचावर वटवून देणाऱ्या व्यवस्थेची. रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने चालणाऱ्या या मंचांपैकी पहिला, सिडबी (लघुउद्योग विकास बँक) आणि राष्ट्रीय शेअर बाजार यांच्या पुढाकाराने, २०१७ साली आपल्या मुंबईतच सुरू झाला. व्यवहार जुन्या हुंडीसारखाच आहे. मी बिल मंचावर टाकायचे, आपण ते मान्य करायचे, मग बँका त्यावर बोली लावतात, सर्वांत कमी व्याज मागणारी बँक मला लगेच पैसे देते, आणि मुदतीच्या दिवशी आपण त्या बँकेला पैसे देता. हुंडी वटवताना जसे सही करणाऱ्या पेढीचे नाव बघत, तसे इथे बँक आपली पत पाहते, माझी नाही, म्हणून व्याजही कमी लागते. आपण पैसे दिले नाहीत तरी बँक माझ्यामागे येत नाही. २५० कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांनी या मंचावर नोंदणी करणे ३१ मार्च २०२५ पर्यंत आवश्यक करण्यात आले. पण नोंदणी करणे वेगळे आणि आलेले बिल मान्य करणे वेगळे. माझ्या दोन मोठ्या ग्राहकांची नोंदणी आहे. एकाच्या कार्यालयात ते काम कोणाकडे आहे, हे विचारत मी चार जणांशी बोलले. दुसऱ्याने बिल मान्य करायला एकतीस दिवस घेतले, म्हणजे वटवण्यासारखे त्यात फार काही उरले नव्हते. याच मंचावर दुसऱ्या एका, तुलनेने लहान कंपनीने माझे बिल तिसऱ्या दिवशी मान्य केले आणि चौथ्या दिवशी पैसे खात्यात आले. ते व्याज त्या कंपनीने स्वतः सोसले. त्या आठवड्यात मी कागद रोखीने घेतला. आमच्या गाळ्यात ते फार वर्षांनी घडत होते.

सरकारी खात्यांच्या आणि पालिकेच्या थकबाकीविषयी पुष्कळ लिहिण्यासारखे आहे, पण तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.

आता माझी स्वतःची एक गोष्ट लिहिणे भाग आहे, नाहीतर हे पत्र अर्धे राहील. आमचे पेस्टिंगचे काम भांडुपच्या टेकडीवरच्या चाळींतल्या सहा बायका करतात. पंचिंग झालेले खोके टेम्पोने चढणीखाली उतरतात आणि तिथून गठ्ठे डोक्यावरून वर जातात, कारण वरच्या गल्लीत हातगाडीही जात नाही. खोलीत जमिनीवर चटई, शेजारी गमचा डबा आणि एक बोथट ब्रश. एक बाई वीस खोके पायरीसारखे एकमेकांवर सरकवून ठेवते, म्हणजे प्रत्येकाची चिकटवायची पट्टी तेवढी उघडी राहते. मग ती ब्रशचा एकच हात फिरवते आणि दुसरी एकेक खोका क्रीजवर मोडून दाबते. गम पट्टीबाहेर आला तर खोका आतून चिकटतो आणि आपल्या पॅकिंग लाइनवर उघडत नाही, म्हणून दर थोड्या वेळाने अंगठा ओल्या फडक्यावर पुसावा लागतो. त्यांतल्या सर्वांत अनुभवी ताईंचा उजवा अंगठा गमने कायमचा पांढुरका झाला आहे. मोजणी हजारावर होते आणि हिशेब शनिवारी, असे आमचे ठरलेले आहे. मागच्या पावसाळ्यात, त्या ओल्या चलनाच्या दिवसांत, मी त्यांचे तीन शनिवार चुकवले. पहिल्या शनिवारी मी त्यांना म्हटले, ‘वरून आले नाहीत, ताई, पुढच्या आठवड्यात बघू.’ म्हणताना मला ऐकू आले की हे वाक्य माझ्याच वहीतले आहे. त्यांनी काही वाद घातला नाही. जूनमध्ये मुलांची वह्या-पुस्तके घेऊन झाली होती, त्यामुळे सध्या निभेल, असे त्या म्हणाल्या, आणि सोमवारी गठ्ठे मोजून घेतले. त्यांना माझ्याविरुद्ध कोणत्या परिषदेकडे जाता येणार होते?

आपण मनावर घेतले तर यातले बरेच काही कायदा न बदलता, नवा माणूस न नेमता सुधारता येईल. माल गेटवर उतरला त्या तारखेपासून दिवस मोजावेत आणि बिल सिस्टीमला चढवण्याचा वेळ आपल्या मुदतीतून जावा, माझ्या नव्हे. कागदात काही उणे असेल तर तीन दिवसांत दोन ओळींचा ईमेल यावा, म्हणजे तेविसाव्या दिवशी फोन करून ते शोधून काढावे लागणार नाही. आमच्या बिलाचे काय झाले, हे माल कुठवर आला हे जसे आपण आम्हाला विचारता तसे आम्हालाही पाहता यावे. पुष्कळ कंपन्यांत पुरवठादारांसाठी पोर्टल आहे, त्यावर बिलाची तारीख आणि रक्कम दिसते, पैसे कधी निघणार ते तेवढे दिसत नाही. ट्रेड्सवर आलेले बिल माल तपासून झाला की मान्य व्हावे आणि ते कोणाच्या टेबलावर आहे हे ऑर्डरवरच छापलेले असावे. राहिले व्याज. ते मागणाऱ्यालाच द्यायचे असे ठरवले तर कोणीच मागणार नाही. मुदत उलटली की ते बिलात आपोआप जोडले जावे, जसे उशिरा आलेल्या मालाची कपात आपली सिस्टीम आपोआप करते. तसे झाले तर पैसे उशिरा देण्याची किंमत पहिल्यांदा आपल्याच अहवालात दिसेल, आणि माझी खात्री आहे की व्याज देण्याची वेळ मग फारशी येणारच नाही.

यातली एकच गोष्ट आधी करायची असेल तर गेटवरची तारीख धरा, अशी माझी विनंती आहे. बाकीचे पुष्कळसे त्यातून सुटेल.

माझ्या बाजूने मी एक केले आहे. बँकेत जाऊन सीसी खात्याची मर्यादा थोडी वाढवून घेतली आहे, आणि या महिन्याच्या पहिल्या शनिवारपासून पेस्टिंगचा हिशेब त्याच दिवशी चुकता करते आहे, आपल्याकडून पैसे आलेले असोत वा नसोत. आतापर्यंत चार शनिवार पाळले. वाढलेल्या मर्यादेतले निम्म्याहून अधिक पैसे वापरून झाले आहेत, आणि आजच्या तारखेला मुदत उलटलेली माझी पाच बिले आपल्यासारख्यांच्या कार्यालयांत आहेत. त्यांतल्या तिघांना मी सोमवारी सकाळी फोन करणार आहे.

आपली,
भांडुपची एक खोकेवाली